बंदुकीचे तेल, हातावरचे शिसे

बंदूक हा आरोग्याच्या सदराचा विषय कसा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण पुण्यापुरते बोलायचे तर बंदूक आपल्यापासून फार लांब नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून इथे आहे. लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचे हे शहर. निवृत्त जवान आणि अधिकारी इथे मोठ्या संख्येने राहतात. बँकांच्या आणि सराफी दुकानांच्या दारात बारा बोअरची बंदूक घेतलेला रक्षक रोज दिसतो. एनसीसीच्या मुलामुलींनी रायफल हाताळलेली असते. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडानगरीत नेमबाजीचा सराव चालतो. तिथे सराव केलेल्या आणि पुण्यात मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा नेमबाजी हा शब्द घराघरात पोहोचला. आज दहा-बारा वर्षांची मुलेही एअर रायफलच्या वर्गाला जातात.

या सगळ्यांना एक काम समान आहे. बंदूक पुसावी लागते आणि तिला तेल द्यावे लागते. कोणते तेल द्यायचे, हा प्रश्न लोक बंदूक दुरुस्त करणाऱ्याला, प्रशिक्षकाला किंवा जुन्या जवानाला विचारतात. डॉक्टरला कोणी विचारत नाही. पण जे तेल बंदुकीला लागते ते हातालाही लागते, चिंधीत मुरते, बाटलीत उरते आणि त्या बाटलीपर्यंत घरातले लहान मूलही पोहोचते. शिवाय नळीतून निघणाऱ्या काळ्या मळीत शिसे असते. म्हणून तेलाची निवड हा जितका यंत्राचा, तितकाच शरीराचाही प्रश्न आहे.

तीन कामे, तीन द्रव

'बंदुकीचे तेल' असे आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात तीन वेगळी कामे असतात. पहिले काम साफ करण्याचे : नळीतला जळका दारूचा थर, शिसे आणि तांबे सोडवणे. हे काम सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव करतो. दुसरे काम वंगणाचे : एकमेकांवर घासणाऱ्या दोन धातूंच्या मध्ये पातळ थर राखणे. तिसरे काम संरक्षणाचे : हवा आणि ओल लोखंडापर्यंत पोहोचू न देणे.

या तिन्ही कामांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. साफ करणारा द्रव पातळ आणि लवकर उडून जाणारा हवा, म्हणजे तो मळीत शिरेल. वंगण जागेवर टिकायला हवे, पण इतके घट्ट नको की यंत्रणा जड होईल. संरक्षक थर तर महिनोन् महिने जागचा हलू नये. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात लांबच्या प्रवासाला निघालेल्या रायफलींना कॉस्मोलीन नावाचा व्हॅसलिनसारखा जाड थर फासत, आणि वापरण्याआधी तो पूर्ण काढावा लागे. तिन्ही कामे एकाच बाटलीत करणारी 'सीएलपी' प्रकारची तेलेही मिळतात. नियमित वापरातल्या बंदुकीला ती पुरतात, पण वर्षभर कपाटात राहणाऱ्या बंदुकीला संरक्षणासाठी केलेले वेगळे तेल अधिक टिकते.

प्रमाणाचा नियम मात्र सगळ्यांना एकच आहे. वंगणाचे काम डोळ्यांना जेमतेम दिसणारा थर करतो. जास्तीचे तेल धूळ पकडते, त्यात न जळलेल्या दारूचे कण मिसळतात आणि पॉलिश पेपरसारखे घासणारे मिश्रण तयार होते. नळीत तेल राहिले तर पहिली गोळी भलतीकडे जाते. काडतूस बसते त्या जागेत तेल असेल तर काडतुसाची भिंत तिथे घट्ट धरत नाही आणि मागच्या बोल्टवर जादा दाब येतो. काडतुसांना तर तेल कधीच लावू नये. ते आत झिरपून काडतूस ऐनवेळी पेटत नाही. 'भरपूर तेल म्हणजे चांगली निगा' ही समजूत यंत्रालाही मारक आहे आणि हातालाही.

एका वंगणाचा इतिहास

बंदुकीच्या वंगणाने या देशात एकदा इतिहास बदलला आहे. १८५७ साली कंपनी सरकारच्या फौजेत आलेली एन्फिल्ड रायफल तोंडाकडून भरायची होती. तिच्या नळीत आटे होते, त्यामुळे गोळी घट्ट बसे. कागदी काडतुसाला चरबी आणि मेणाचे मिश्रण लावले की ते नळीत सहज उतरे आणि आधीच्या बाराची मळी मऊ राही. काडतुसाचा कागद दातांनी तोडायची रीत होती. ती चरबी गायीची की डुकराची, ही चर्चा जानेवारीत डमडमहून पसरली. सरकारने नंतर शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली, कागद हाताने फाडण्याची कवायतही आली, पण तोवर विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांचा बार झाला आणि १० मे रोजी मेरठ पेटले. उठावाची कारणे अनेक होती. तरीही आपल्या तोंडात काय जाते हे माणसाला कळायला हवे, एवढी गोष्ट त्या काडतुसाने दाखवून दिली.

आजही .२२ रायफलच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. स्पर्धेतला नेमबाज हाताने शेकडो गोळ्या भरतो. काडतूस दातांनी तोडायचा काळ गेला, पण गोळी हाताळलेल्या बोटांनी डबा उघडून पोळी खाण्याचा काळ गेलेला नाही.

घरात असेल ते तेल

विकतचे गन ऑइल महाग वाटते म्हणून लोक घरात असेल ते वापरतात. त्या प्रत्येकाचा हिशेब पाहू.

खोबरेल : वास चांगला, त्वचेला निर्धोक. पण ते सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली घट्ट होते, तेच बंदुकीच्या आत होते आणि चाप जड चालतो. शेंगदाणा, सूर्यफूल किंवा जवसाचे तेल त्याहून वाईट. या तेलांतील असंतृप्त मेदाम्ले हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट होतात. कढईच्या कडेला जो पिवळा डिंकासारखा थर बसतो तोच हा. शिवाय खवट झालेल्या तेलातली आम्ले पितळ आणि तांब्याला हिरवे करतात.

शिलाई मशीनचे तेल : हे शुद्ध केलेले पातळ खनिज तेल असते. वंगण म्हणून चालण्यासारखे. मात्र बहुतेक वेळा त्यात गंजरोधक द्रव्ये नसतात, त्यामुळे पावसाळ्यात त्यावर विसंबू नये.

रॉकेल : मळी सोडवते, पण मागे संरक्षक थर ठेवत नाही. त्याचा खरा धोका लहान मुलांना आहे. त्याबद्दल पुढे.

पेट्रोल : याने काहीही साफ करू नये. त्याची वाफ लांबच्या ठिणगीनेही पेटते. शिवाय त्यात बेन्झीन असते. भारतातील सध्याच्या मानकानुसार १ टक्क्यापर्यंत. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे.

जळके ऑइल : गाडीतून काढलेले काळे इंजिन ऑइल गावाकडे अवजारांना, लाकडाला आणि काही वेळा बंदुकीलाही लावतात. इंजिनात तापून त्यात अनेक चक्रीय हायड्रोकार्बन तयार होतात. प्राण्यांच्या त्वचेवर असे तेल वारंवार लावल्यावर कर्करोग झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. कमी शुद्ध खनिज तेलाचा धोका माणसातही सिद्ध आहे : इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांत साचे चालवणाऱ्या कामगारांच्या कपड्यांत हे तेल भिजून राही आणि त्यांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होई. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शुद्ध न केलेल्या आणि कमी शुद्ध केलेल्या खनिज तेलांना माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. पूर्ण शुद्ध केलेली तेले त्या गटात नाहीत. म्हणून सुटे, नाव नसलेले, काळपट तेल घेऊ नये. बाटलीवर उत्पादकाचे नाव आणि सुरक्षेच्या सूचना असलेले तेलच घ्यावे.

डब्ल्यूडी-४० : हे १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत तयार झाले. नावातच 'पाणी हटवणारे' हा अर्थ आहे. चाळिसाव्या प्रयत्नात जमले म्हणून ४०. क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये हा मूळ हेतू होता. भिजलेल्या बंदुकीतले पाणी हटवायला ते उत्तम. पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, म्हणून कायमचे वंगण म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. बंद खोलीत कोणताही स्प्रे मारला की तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जातात. दमा असलेल्यांना खोकल्याची उबळ येते. फवारण्यापेक्षा चिंधीवर घेऊन पुसणे कधीही चांगले.

एअर रायफल : इथे एक वेगळी खबरदारी आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये हवा दाबली जाताना ती कमालीची तापते. त्या कप्प्यात साधे खनिज तेल गेले तर डिझेल इंजिनासारखा आतच भडका उडतो. त्याने सील फाटतो आणि छर्राही भलत्याच वेगाने सुटतो. तिथे उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉनचे तेलच, तेही थेंबभर द्यायचे असते.

काही महाग तेलांत पीटीएफई, म्हणजे आपण ज्याला टेफ्लॉन म्हणतो त्याची पूड असते. वंगण म्हणून ती चांगली. पण तिचे कण बोटावर असताना सिगारेट किंवा विडी ओढली तर जळत्या टोकाशी त्यांचा धूर होतो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. वैद्यकात याला पॉलिमर फ्यूम फीव्हर म्हणतात. एक-दोन दिवसांत तो उतरतो, पण हिवतापाच्या तपासण्या करण्यात वेळ जातो.

पावसाळा आणि गंज

लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की त्याचा वेग एकदम वाढतो आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बराच काळ त्याच्या वर असते. त्यात घामाची भर. बोटाच्या ठशात मीठ आणि लॅक्टिक आम्ल असते. म्हणूनच पावसाळ्यात हाताळलेल्या बंदुकीवर चार दिवसांनी बोटांचे तपकिरी ठसे उमटतात. उपाय साधा आहे : हाताळून झाले की कोरड्या कापडाने पुसावे आणि मग तेलाचा हलका हात फिरवावा.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निराळी. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजूनही आहेत. काळी दारू जळल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे घन क्षार मागे उरतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. तेलात हे क्षार विरघळत नाहीत. त्यावर तेल चोपडले तर गंज तेलाखाली सुखाने वाढतो. म्हणून आधी साबणाच्या गरम पाण्याने नळी धुवायची, पूर्ण कोरडी करायची आणि मग तेल द्यायचे. बंदुकीला पाणी लावायचे हे अनेकांना विचित्र वाटते, पण त्यामागचे रसायनशास्त्र हे असे आहे.

बंदूक चामड्याच्या किंवा कापडी खोळीत कायम ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात. कपाटात ओल शोषायला सिलिका जेल ठेवता येते, मात्र निळ्या दाण्यांच्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते. मुले असलेल्या घरात पांढरे किंवा केशरी जेल घ्यावे. काही घरांत बंदुकीजवळ डांबरगोळ्या ठेवतात. त्यांनी गंज थांबत नाही. उलट मुलाने डांबरगोळी गिळली आणि त्याच्यात जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असेल तर तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात, लघवी काळी होते आणि रक्त चढवावे लागते. कापूरही तसाच. लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात.

काळी चिंधी

आता मुख्य मुद्दा. एनसीसीत रायफल साफ करायला शिकलेल्यांना पुल-थ्रू आणि चिंधी आठवत असेल. जुन्या .३०३ रायफलला साफ करायची चिंधी ४ बाय २ इंचांची आणि तेल द्यायची ४ बाय दीड इंचाची. नळीतून बाहेर आलेल्या त्या काळ्या चिंधीवर काय असते, हे मात्र शिकवले जात नाही.

बहुतेक काडतुसांच्या टोपीत शिशाचे एक स्फोटक संयुग असते, लेड स्टिफनेट. जोडीला बेरियम आणि अँटिमनीची संयुगे. गोळी किंवा छर्रे बहुधा शिशाचेच. बार उडाला की शिशाचा अतिसूक्ष्म धूर होतो. काही भाग हवेत जातो, काही कपड्यांवर बसतो आणि बराचसा नळीत चिकटतो. साफ करणारा द्रव हेच शिसे सुटे करून चिंधीवर आणि बोटांवर आणतो. एअर रायफलला टोपीचे काडतूसच नसते, त्यामुळे धूर नाही. पण छर्रे हाताळणाऱ्या बोटांवर आणि निशाण्यामागे साठणाऱ्या भुकटीत शिसे असतेच.

शिसे पोटात जाण्याचा मुख्य रस्ता हात आणि तोंड हा आहे. आपल्याकडे या रस्त्यावर एक खास सवय आडवी येते : तंबाखू मळण्याची. बंदूक पुसून झाली की तळहातावर तंबाखू-चुना घेऊन अंगठ्याने रगडायचा आणि ओठाखाली धरायचा. हातावरचे शिसे तोंडात पोहोचवण्याची याहून खात्रीची पद्धत सापडणार नाही.

शरीरात गेलेले शिसे रक्तात साधारण महिनाभर राहते, हाडांत मात्र वर्षानुवर्षे. मोठ्या माणसात पोटदुखी, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, चिडचिड, रक्तदाब वाढणे, रक्तक्षय, मूत्रपिंडावर परिणाम अशा खुणा दिसतात. जास्त मात्रेत मनगट लुळे पडते. शिसे हिमोग्लोबिन बनवणारी विकरे बंद पाडते. गर्भवतीच्या हाडांत साठलेले शिसे गर्भापर्यंत पोहोचते. मुलांचा मेंदू सर्वांत नाजूक : कमी प्रमाणातल्या शिशानेही बुद्ध्यांक आणि एकाग्रता घटते. मुलांसाठी 'सुरक्षित' म्हणता येईल अशी रक्तातली पातळी आजवर सापडलेली नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठीचे संदर्भमूल्य ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणले. त्याहून जास्त पातळी आढळली की स्रोत शोधायला लागायचे, असा त्याचा अर्थ.

मोठा माणूस गिळलेल्या शिशापैकी दहावा भाग शोषतो, लहान मूल अर्ध्यापर्यंत. शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे शिसे घरात आलेच तर आपली मुले ते जास्त शोषण्याच्या स्थितीत आहेत. वडिलांचा गणवेश इतर कपड्यांबरोबर धुतला, ती काळी चिंधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिली, एवढे पुरते.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सुरक्षारक्षक पोटदुखी किंवा अशक्तपणा घेऊन येतो, तेव्हा केसपेपरवर व्यवसाय म्हणून 'सिक्युरिटी' एवढेच लिहिले जाते. बंदूक हाताळता का, ती कुठे साफ करता, हे विचारायला गर्दीत वेळ नसतो. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहून डॉक्टरांना सांगितले होते की रुग्णाला त्याचे काम काय ते विचारा. डॉक्टरने विचारले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावे. रक्तातील शिशाची तपासणी एका साध्या रक्तनमुन्यावर होते. आठवड्यातून अनेकदा सराव करणारे नेमबाज, त्यांचे प्रशिक्षक आणि रेंजवर साफसफाई करणारे कामगार यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून एकदा ती करून घ्यावी. गर्भधारणेचा विचार असलेल्या नेमबाज महिलांनी आधीच करावी.

साफ करताना

सर्वांत आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. 'बंदूक साफ करताना गोळी सुटली' ही बातमी आपण अधूनमधून वाचतो. मॅगझिन काढावे, बोल्ट उघडावा, डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. काडतुसे त्या खोलीतच नसावीत. ठासणीच्या बंदुकीची टोपी आधी काढून नळीत गज घालून आत बार शिल्लक नाही ना ते पाहावे. हे सगळे झाल्यावरच तेलाची बाटली उघडावी.

जागा हवेशीर असावी. गॅलरी किंवा अंगण उत्तम. स्वयंपाकघर आणि मुलांची खोली नको. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि ते नंतर गुंडाळून टाकावे. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. साधे रबरी मोजे तेलाने फुगतात आणि फाटतात. तांबे काढणाऱ्या काही द्रवांत अमोनिया असतो, त्याने डोळे आणि घसा चुरचुरतो. डोळ्यात उडाले तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहावे.

काम झाल्यावर हात साबणाने आणि पाण्याने धुवावेत. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसे जात नाही. त्यानंतरच खाणे, तंबाखू, चेहऱ्याला हात लावणे. अर्थात तंबाखू मुळातच सोडलेली बरी. वापरलेल्या चिंध्या पिशवीत बांधून वेगळ्या ठेवाव्यात आणि घातक कचरा म्हणून द्याव्यात. शेगडीत किंवा शेकोटीत टाकू नयेत. रेंजची जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तेलाने भिजलेली बाही किंवा पँट तशीच अंगावर राहिली तर रोमरंध्रे बुजून मांड्यांवर आणि हातांवर काळ्या टोकांच्या पुटकुळ्या येतात. मलम लावण्याआधी तो कपडा बदलावा.

बाटली मुलाच्या हाती लागली तर

रॉकेल, पातळ सॉल्व्हंट किंवा पातळ तेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, आतला द्रव नाही. असा द्रव पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त घातक असतो. तो जितका पातळ तितका सहज श्वासनलिकेत उतरतो, तिथे पसरतो आणि रासायनिक न्यूमोनिया करतो. म्हणून अशा वेळी उलटी मुळीच करवू नये. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोट घालणे हे उपाय मुलाला वाचवण्याऐवजी तो द्रव दुसऱ्यांदा घशाशी आणतात आणि तेव्हाच तो फुप्फुसात शिरतो. भिजलेले कपडे काढावेत, त्वचा साबणाने धुवावी, १०८ वर फोन करावा आणि मुलाला बाटलीसह लगेच रुग्णालयात न्यावे. मूल बरे दिसत असले तरी पहिले सहा तास त्याच्यावर देखरेख हवी. खोकला, धाप, घुरघुर, गुंगी ही धोक्याची लक्षणे आहेत.

खंडेनवमीचे वेळापत्रक

आपल्याकडे शस्त्रे काढून, स्वच्छ करून पुजायचा दिवस खंडेनवमी-दसऱ्याचा आहे. पावसाळा संपत आलेला असतो आणि चार महिन्यांत चढलेला गंज तेव्हाच हाती लागतो. निगा राखण्याच्या दृष्टीने ही वेळ अगदी योग्य आहे. फक्त पूजेनंतर हळदकुंकू, ओली फुले आणि पाण्याचे थेंब तसेच ठेवून शस्त्र पुन्हा कपाटात जाऊ नये. दुसऱ्या दिवशी ते कोरडे पुसून तेलाचा हात द्यावा.

मात्र वर्षातून एकदा पुरत नाही. वापरलेली बंदूक त्याच दिवशी साफ करावी आणि पावसाळ्यात न वापरलेलीही महिन्यातून एकदा काढून पाहावी. तेल उत्पादकाने सांगितलेले, बंद बाटलीतले आणि मोजके वापरावे. बाटली आणि चिंध्या बंदुकीइतक्याच काळजीने कुलपात ठेवाव्यात. आणि घरातले कोणी रेंजवरून किंवा पहाऱ्यावरून येऊन थेट जेवायला बसत असेल, तर त्याला आधी मोरीकडे पाठवावे.